ख्रिस्ती विश्वास आणि राष्ट्रवाद : मराठवाड्यातल्या मंडळ्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युवक संघाच्या बैठकीत, घरगुती प्रार्थनेनंतर चहा होताना, कधी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारातच हे प्रश्न विचारले जातात. जालना-संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत ते सारखेच आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत होतं, काहींना सवड द्यावी लागते.

ख्रिस्ती राष्ट्रवाद म्हणजे नेमकं काय?

एखादं राष्ट्र, त्याची सत्ता आणि येशूवरचा विश्वास हे सगळं एकच आहे असं मानणं. हा देश देवाने खास निवडला, इथलं सरकार ख्रिस्ती असलं पाहिजे, कायद्याने ख्रिस्ती माणसाला पहिला मान दिला पाहिजे, आणि आपल्या राष्ट्राचा विरोधक तो देवाचाही विरोधक, इथवर हा विचार जातो. मायभूमीवर जीव असणं हे त्यात येत नाही. आक्षेप आहे तो देशाला देवाच्या आसनावर बसवण्याला.

महाराष्ट्रात शंभरात जेमतेम एक ख्रिस्ती. मग हा प्रश्न आपला कसा?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात आपण २.३ टक्के आहोत आणि महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आसपास. सत्ता आपल्या हातात येण्याची गोष्टच नाही. पण विचार मोबाइलवरून येतो. अमेरिकेतल्या प्रचारकांच्या क्लिप हिंदीत भाषांतर होऊन आपल्या ग्रुपवर फिरतात आणि पोरं विचारतात, "पाळकसाहेब, आपलं राज्य कधी येणार?" ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसद भवनावर चालून गेलेल्या जमावात वधस्तंभ होते, येशूच्या नावाचे झेंडे होते, आणि आत घुसलेल्यांनी सभागृहात येशूच्या नावाने प्रार्थनाही केली. ते पाहून आपल्यातल्या काहींना अभिमान वाटला, हे मी ऐकलं आहे.

का वाटतो, हेही कळतं. भाड्याने खोली शोधताना ज्याला आडनावावरून, गळ्यातल्या क्रूसावरून नकार मिळतो, त्याला दूर कुठेतरी 'आपली' बलाढ्य सत्ता आहे या कल्पनेने धीर येतो. पण तो धीर फसवा आहे. जगाच्या पाठीवरचा कोणताही राष्ट्राध्यक्ष आपला तारणारा नाही.

आपल्याकडे याचा आणखी एक प्रकार दिसतो, आणि तो मला जास्त जवळचा धोका वाटतो. आपल्या देशभक्तीवर कोणी शंका घेऊ नये म्हणून आपण इतके घाबरून वागतो, की ज्याची सत्ता असेल त्याच्या हाती व्यासपीठ देऊन टाकतो. नाताळच्या कार्यक्रमात पुढाऱ्याचा सत्कार अर्धा तास चालतो आणि सुवार्तेला दहा मिनिटं उरतात.

येशूने स्वतः याबद्दल काय शिकवलं?

लोक 'कैसराचे ते कैसराला' एवढं एकच वचन सांगतात. खरं तर त्याचं सगळं सेवाकार्यच या प्रश्नाच्या मधून गेलेलं आहे.

सुरुवातीलाच रानात सैतानाने त्याला जगातली सगळी राज्यं व त्यांचं वैभव दाखवलं. ती वाईट कामासाठी वापर असं सैतान म्हणाला नव्हता. राज्यं घे, फक्त मला नमन कर, एवढंच त्याचं मागणं होतं. येशूने नकार दिला. पाच हजारांना भाकरी दिल्यानंतर लोक त्याला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला; योहानाच्या सहाव्या अध्यायात हे आहे. पोट भरलेला जमाव, मनातला पुढारी आणि परकीय रोमन सत्तेचा राग एवढं सगळं एका जागी जमलं असताना तो तिथून निघून जातो, याचा आपण पुरेसा विचार करत नाही.

नासरेथचा प्रसंग तर आपल्या गावांमध्ये पुन्हा पुन्हा वाचला पाहिजे. सभास्थानात सगळे त्याची वाहवा करत होते. मग त्याने दोन आठवणी काढल्या. दुष्काळात एलीयाला पाठवलं ते इस्राएलातल्या विधवांकडे नाही, तर सीदोन प्रांतातल्या सारफथच्या विधवेकडे. अलीशाच्या काळात कुष्ठरोगातून शुद्ध झाला तो शत्रुसेनेचा सेनापती, नामान. एवढं ऐकताच वाहवा करणाऱ्या त्याच गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेलं. देव आपल्या सीमेपलीकडच्यांचाही आहे हे त्यांना सहन झालं नाही.

बारा शिष्यांत जकात गोळा करणारा मत्तय होता आणि 'जिलोत' म्हणून ओळखला जाणारा शिमोनही होता. एक सत्तेचा नोकर, दुसऱ्याची ओळखच राष्ट्राच्या कडव्या अभिमानाची, आणि दोघांना त्याने एका पंगतीला बसवलं. शेवटी पिलातासमोर त्याने सांगितलं, 'माझे राज्य ह्या जगाचे नाही', आणि लगेच पुढे म्हणाला की ते तसं असतं तर माझे सेवक लढले असते. आपण लढून ज्याचं राज्य आणू पाहतो, त्याने स्वतः पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली.

पण जुन्या करारात इस्राएल हे देवाचं राष्ट्र होतंच ना?

होतं. आणि म्हणूनच देवाने त्याच्याकडे सर्वांत कडक संदेष्टे पाठवले. आमोस वाचा. बेथेलचा याजक अमस्या त्याला दम देतो: इथे पुन्हा संदेश सांगू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे, राजघराण्याचं मंदिर आहे. देवाचं घर एकदा राजाचं झालं की देवाच्या माणसालाच तिथे बोलायची बंदी होते. याच आमोसाच्या नवव्या अध्यायात देव विचारतो, मी इस्राएलाला मिसरातून आणलं, तसं पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणलं नाही काय? म्हणजे शत्रूंच्या इतिहासातही देवाचा हात होता.

पुढे हा करार एका वंशापुरता राहिला नाही. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात सर्व राष्ट्रं, वंश, लोक आणि भाषा बोलणारे सिंहासनापुढे उभे आहेत. त्या जागी कोणत्याही आधुनिक देशाचा झेंडा लावता येत नाही.

काही प्रार्थनाघरांत इस्राएलचा झेंडा असतो. तो चालतो का?

माझं मत स्पष्ट आहे, नसावा. १९४८ मध्ये स्थापन झालेला देश हा जगातल्या इतर देशांसारखाच एक देश आहे आणि त्याच्या कारभाराचा न्यायही इतरांसारखाच करायला हवा. बेथलेहेमात आजही पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबं राहतात. ती आपलीच भावंडं आहेत.

रोमकरांस १३ मध्ये अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं आहे. मग सत्तेशी एकरूप व्हायला काय हरकत?

अधीन राहणं निराळं, सत्तेची पूजा करणं निराळं. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला फिलिप्पैत चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. गुपचूप निघून जा असा निरोप आल्यावर तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आपण कर भरतो, कायदा पाळतो, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पण सत्ता देवाच्या आज्ञेविरुद्ध उभी राहिली तर 'मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' हे प्रेषितांनी न्यायसभेसमोर दिलेलं उत्तर आहे. रोमकरांस १३ वाचताना प्रकटीकरण १३ शेजारी उघडून ठेवावं. तिथे सत्ता श्वापद झालेली आहे.

जिथे विश्वास आणि राष्ट्र एक झाले, तिथे प्रत्यक्षात काय घडलं?

जर्मनीपासून सुरुवात करू, कारण तिथली मंडळी मोठी, सुशिक्षित आणि बायबलमध्ये मुरलेली होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या गटाने मंडळीच नाझी विचाराला जुंपायला घेतली. यहुदी वंशाच्या पाळकांना सेवेतून काढा, अशी मागणी झाली. बाप्तिस्म्यापेक्षा रक्त मोठं ठरलं. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन इथे काही मंडळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी जाहीर केलं की येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द आहे, ज्याचं आपण ऐकायचं. दुसऱ्या कोणत्याही सत्तेला ते स्थान नाही. मसुद्यामागे धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ हे प्रमुख होते. या झगड्यात उभ्या राहिलेल्या डीट्रिश बॉनहोफर या तरुण पाळकाला ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली गेली. आणि या सगळ्या काळात जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्यासोबत' असं कोरलेलं होतं.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आपल्या लोकांना मी नेहमी जास्त वेळ घेऊन सांगतो, कारण ती ऐकताना मराठवाड्यातल्या मांग-महार वस्त्यांमधून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना काही समजावून सांगावं लागत नाही. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या महासभेने ठरवलं की 'काहींच्या दुर्बलतेमुळे' गोऱ्या नसलेल्यांची उपासना वेगळी घ्यायला हरकत नाही. सवलत म्हणून आलेली ही गोष्ट पुढे रीत झाली, रीतीचं धर्मशास्त्र झालं, आणि १९४८ नंतर त्याच धर्मशास्त्राने वर्णभेदी राजवटीला पाठबळ दिलं. एका प्रभूच्या मेजावर दोन पंगती! ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागलं, त्यांनी या पापाला राष्ट्रीय धोरण म्हणून सोडून देऊ नये. १९८२ मध्ये तिथल्याच वंचित मंडळीने बेलहार इथे विश्वासाचा मसुदा केला. त्यात तिने म्हटलं की माणसांना वंशावरून वेगळं करणारी शिकवण सुवार्तेविरुद्ध आहे. ख्रिस्ती राष्ट्रवादाला उत्तर ख्रिस्ताच्या नावानेच दिलं गेलं.

रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारात बहुतेक मारणारे आणि मरणारे दोघेही बाप्तिस्मा घेतलेले होते. न्यामाटा, नतारामा इथल्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्यांची तिथेच कत्तल झाली.

आणि अगदी अलीकडचं. रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख किरिल यांनी सप्टेंबर २०२२ मधल्या उपदेशात सांगितलं की कर्तव्य करताना मेलेल्या सैनिकाचं बलिदान त्याची सगळी पापं धुऊन टाकतं. समोरच्या युक्रेनमध्येही त्याच परंपरेचे ख्रिस्ती लोक आहेत. पापक्षालन वधस्तंभावर झालं असं आपण मानतो. ते रणांगणाकडे सोपवणं म्हणजे सुवार्ताच बदलणं, आणि हे ऐकून ख्रिस्ती माणसाला दुःख झालं पाहिजे.

मराठवाड्याचा स्वतःचा अनुभव काय सांगतो?

आपल्या भागाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. बहुसंख्य प्रजा हिंदू, राजा मुसलमान. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने प्रत्येक मुसलमान हा या सत्तेचा मालक आहे असं शिकवायला सुरुवात केली आणि कासिम रझवीच्या रझाकारांनी त्याचं रूपांतर दहशतीत केलं. गावं लुटली, माणसं मारली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आपण ते ऐकत आलो.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहते. रझाकारांविरुद्ध लिहिणारे हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान हे मुसलमान होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. आणि संस्थान भारतात आणणाऱ्या पोलिस कारवाईनंतर सूड म्हणून आपल्याच जिल्ह्यांमध्ये निरपराध मुसलमान कुटुंबांची कत्तल झाली. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ती नोंदवली. आधी एका धर्माच्या नावाने सत्ता चालली, मग दुसऱ्याच्या नावाने सूड. दोन्ही वेळा ज्यांचा काही दोष नव्हता ते गेले. ज्या मातीने हे पाहिलं तिथे आपणही आपल्या धर्माच्या राज्याचं स्वप्न पाहायचं का?

आपला धर्मच इंग्रजांबरोबर आला, मग तो सत्तेशी आधीपासून बांधलेलाच नाही का?

हा प्रश्न शेजारी विचारतात आणि तो टाळू नये. सत्तेच्या आधाराने धर्म पसरवल्याची काळी पानं आहेत. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडून, धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चाललं आणि त्याचा छळ बाप्तिस्मा घेतलेल्या गोवेकरांनीच सर्वांत जास्त सोसला. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओव्यांतून ख्रिस्तकथा छापली होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. सुवार्ता लोकांच्या भाषेकडे वळली होती. राज्याने लोकांनाच आपल्या भाषेकडे ओढलं.

मराठवाड्यात मात्र ख्रिस्ती मंडळी इंग्रजी मुलखात रुजलीच नाही. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले मराठी पाळक. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं ते निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर, मांग-महार समाजातल्या कुटुंबांसोबत. स्कॉटिश मिशनचा पैसा त्यामागे होता, हेही खरं. पण राजा मुसलमान, पाळक मराठी, विश्वासणारे गावकुसाबाहेरचे: ख्रिस्ती राज्य नसतानाच ही मंडळी उभी राहिली.

पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेल्या आणि इंग्लंडमधल्या धर्मगुरूंचा अधिकारही त्यांनी निमूटपणे मानला नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगात गायला. त्यांना कोणत्याही साम्राज्याचं ओझं घ्यावं लागलं नाही.

चर्चमध्ये तिरंगा लावावा का? राष्ट्रगीत म्हणावं का?

१५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारीला चर्चच्या आवारात ध्वजवंदन जरूर करावं, मनापासून करावं. निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवल्याबद्दल लोक तुरुंगात गेले. वेदीजवळ मात्र कोणताही झेंडा नको, कारण तिथे प्रभुभोजन घ्यायला दुसऱ्या देशाचा विश्वासणारा आला तरी ते त्याचंही मेज आहे. राष्ट्रगीत आपण आनंदाने गातो. तरी हेही माहीत असावं की केरळमधल्या यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या मुलांनी आदराने उभं राहून ते गायलं नाही, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या विवेकाच्या बाजूने निकाल दिला. मला हा निकाल भारताचं भूषण वाटतो.

पाळकांनी निवडणुकीत कोणाला मत द्यायचं ते सांगावं का?

नाही. लाच घेऊ नका, दारू-पैशावर मत विकू नका, दुबळ्याचा विचार करा, मतदान चुकवू नका, हे जरूर सांगावं. पक्षाचं नाव व्यासपीठावरून घेऊ नये. पंचकमिटीने 'समाजाची मतं' एकगठ्ठा देण्याचा शब्द कोणाला देऊ नये. ती मतं कमिटीची नाहीत. एखाद्या विश्वासणाऱ्याने नागरिक म्हणून निवडणूक लढवली तर त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि निवडून आल्यावर त्याला प्रश्नही विचारावेत.

मग हक्क मागणं हाही ख्रिस्ती राष्ट्रवादच झाला का?

मुळीच नाही, आणि हा गोंधळ आपल्याला महाग पडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती माणसाला अजून नाही. चर्चमध्ये गेल्याने कोणाच्या घराभोवतीची जात पुसली गेली नाही, ही वस्तुस्थिती मांडून समान न्याय मागणं म्हणजे विशेष सत्ता मागणं नव्हे. फरक ओळखायला मी एक कसोटी लावतो: जे मी माझ्यासाठी मागतो ते शेजारच्या बौद्ध, मुसलमान, हिंदू माणसालाही मिळावं असं मला वाटतं का?

संविधान सभेत ही कसोटी आपल्या थोरांनी लावली होती. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या कामात पुढे होते. ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडला. कलम २५ मधलं धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य मात्र टिकलं, आणि ते सगळ्यांसाठी आहे.

आपण बहुसंख्य असतो तर चांगलं राज्य केलं असतं, नाही का?

झांबियाने १९९१ मध्ये स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र जाहीर केलं, १९९६ मध्ये ते संविधानात घातलं. भ्रष्टाचाराचे आरोप थांबले नाहीत, ते घोषणा करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांपर्यंतच पोचले. आपल्या देशातही 'नागालँड ख्रिस्तासाठी' अशी घोषणा सशस्त्र गटांनी दिली, आणि त्याच गटांच्या आपसांतल्या वैरात ख्रिस्ती नागांनी ख्रिस्ती नागांना मारलं. पाप ख्रिस्ती घरातही असतं, हे आपलंच धर्मशास्त्र सांगतं. म्हणून सत्तेवर अंकुश हवा, मग ती कोणाचीही असो.

"तुमचा खरा देश कोणता?" असं कोणी टोमणा मारून विचारलं तर?

रागावू नका, पण मान खालीही घालू नका. "भाऊ, माझे आजोबा-पणजोबा याच शिवारात राबले, दुष्काळात तुमच्याबरोबरच टँकरच्या रांगेत उभे राहिले," एवढं शांतपणे सांगा. 'आपले नागरिकत्व स्वर्गात आहे' हे वचन पौलाने रोमचं नागरिकत्व सोडून लिहिलेलं नाही. बाबेलात बंदिवान झालेल्यांनाही यिर्मयाने लिहिलं होतं की ज्या नगरात आहात त्याचं हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आपलं तर हे बंदिवासाचं नगर नाही, आपलं स्वतःचं गाव आहे.

तोच माणूस अडचणीत आला, त्याचं पोरगं घाटी दवाखान्यात भरती झालं, तर रक्त द्यायला जा. उत्तर म्हणून नव्हे, शेजारी म्हणून.

या विषयावर मंडळीत अभ्यास घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

लूक ४:१६-३० पासून करा, मग आमोस ७, योहान १८, आणि शेवटी रोमकरांस १३ व प्रकटीकरण १३ एकत्र. दर आठवड्याला एकच उतारा पुरे. तरुणांना मोबाइलवरच्या क्लिप घेऊन येऊ द्या, त्या बंद करू नका. उताऱ्याशेजारी ठेवून ऐका आणि काय जुळतं, काय जुळत नाही ते त्यांनाच सांगू द्या. वेगळ्या पक्षाला मत देणारे दोघे एकाच बैठकीत असतील तर आणखी चांगलं. प्रार्थनेत पंतप्रधान, मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी यांची नावं घ्या, तुम्ही त्यांना मत दिलं नसलं तरी घ्या, आणि सीमेपलीकडच्या देशातल्या मंडळ्यांचीही.